माळावर गेलेले गाव

महाराष्ट्रात प्लेगच्या पहिल्या वर्षाचा विषय निघाला की बोलणे २२ जून १८९७ च्या रात्रीपाशी येऊन थांबते. व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव, गणेशखिंडीचा रस्ता, रँड आणि आयर्स्ट यांच्यावर झाडलेल्या गोळ्या, चापेकर बंधूंना झालेली फाशी, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला. हे सारे महत्त्वाचेच आहे. पण त्यामुळे साथीचा इतिहास हा राजकीय इतिहासाचे एक प्रकरण होऊन बसला आणि प्लेग जणू त्या रात्रीनंतर संपला असा समज रुजला. प्रत्यक्षात तो त्यानंतर कितीतरी वर्षे फिरून फिरून येत राहिला. एकट्या १९०७ साली हिंदुस्थानात त्याने १३ लाखांच्या आसपास माणसे नेली आणि १९३० पर्यंतचा आकडा सुमारे १ कोटी २० लाखांवर गेला. या काळात मराठी मुलखातल्या गावांनी एक रिवाज अंगवळणी पाडून घेतला. घरात उंदीर मरून पडू लागले की बिऱ्हाड उचलायचे आणि गावाबाहेर माळावर किंवा मळ्यात झोपड्या घालून राहायचे. या रिवाजाला आपल्या इतिहासात फारशी जागा मिळालेली नाही. माझे म्हणणे असे की, साथीचे वर्ष माणसांनी कसे काढले, कोण तरले आणि कोण उद्ध्वस्त झाले, हे समजून घ्यायचे तर गोळ्यांच्या रात्रीपेक्षा या झोपड्यांकडे पाहिले पाहिजे. प्लेगात घर सोडणे अटळ होते. प्रश्न एवढाच होता की घर सोडताना संसार बरोबर नेता येतो की नाही. ज्यांना तो नेता आला ते बहुधा तगले. ज्यांच्याकडून तो हिसकावला गेला त्यांनी प्रतिकार केला, रोगी लपवले किंवा रोग घेऊन दूर पळ काढला.

सुरुवात मुंबईत झाली. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी रोग्यांच्या जांघेतल्या गाठी आणि कडक ताप पाहून हा प्लेग असल्याचे निदान केले. मांडवी ही बंदराला लागून असलेली धान्याच्या वखारींची वस्ती. धान्य तिथे उंदीर, आणि उंदरांच्या वर दाटीवाटीच्या चाळी. पालिकेने ऑक्टोबरमध्येच सक्तीचे नियम काढले: संशयित रोग्याला उचलून रुग्णालयात न्यायचे, घर धुऊन काढायचे, सामान जाळायचे. महिना संपण्यापूर्वीच आर्थर रोडच्या रुग्णालयावर गिरणी कामगारांचा मोठा जमाव चालून गेला. रुग्णालयातून माणूस जिवंत परत येत नाही, तिथे जात बाटते, मेल्यावर प्रेतही ताब्यात मिळत नाही, या भीतीने लोक रोगी माळ्यावर, कोठीत दडवू लागले. आणि त्याच भीतीने शहर रिकामे होत गेले. जानेवारी-फेब्रुवारी १८९७ पर्यंत मुंबईची सुमारे निम्मी वस्ती आगगाडीने, गलबतांनी आणि पायी बाहेर पडली होती. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोगांचा कायदा झाला. चार कलमांच्या या छोट्या कायद्याने अंमलदारांना जवळपास हवे ते करण्याचा अधिकार दिला, नियम मोडणाऱ्याला शिक्षा ठरवली आणि कायद्याखाली सद्‌हेतूने काम करणाऱ्यांना खटल्यापासून संरक्षण दिले.

हा अधिकार पूर्ण ताकदीनिशी वापरला गेला तो पुण्यात. वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली तिघांची प्लेग समिती नेमली गेली आणि १३ मार्च १८९७ पासून घरझडती सुरू झाली. या कामावर सुमारे ९०० शिपाई आणि अंमलदार होते व त्यांत गोऱ्या सोल्जरांचा भरणा मोठा होता. एक तुकडी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी उभी राही, दुसरी घरात शिरे. माजघर, स्वयंपाकघर, देवघर, बाळंतिणीची खोली, कुठलीच जागा वगळलेली नव्हती. काखेत आणि जांघेत गाठ आहे का हे चाचपून पाहिले जाई. रोगी सापडला तर तो संगमाजवळच्या रुग्णालयात, आणि त्याच्या घरची माणसे वेगळ्या छावणीत. मागे राहिलेले घर खणून, धुऊन, चुना मारून काढले जाई आणि अंथरुणे, कपडे, कधी लाकडी सामानही होळीत जाई. वाड्याच्या चौकात आपल्या गोधड्या आणि कपड्यांना लावलेली आग पाहणाऱ्या कुटुंबाला त्या दिवशी दोन गोष्टी एकदम कळत: आजारी माणूस आता आपल्या हाती नाही, आणि तो परतला तरी त्याला परतायला घर उरलेले नाही. ही मोहीम मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत चालली.

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि त्याला उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. पुण्यातल्या जुलमाच्या कहाण्या पुढाऱ्यांनी फुगवल्या, असा तो आक्षेप. समितीच्या अहवालात, स्त्रियांच्या अब्रूला मुद्दाम धक्का लावल्याची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, असा दावा आहे. गोपाळ कृष्ण गोखले यांनी इंग्लंडात असताना पुण्याहून आलेल्या पत्रांच्या आधारे सोल्जरांवर आरोप केले, पण परतल्यावर पुराव्याअभावी त्यांना जाहीर माफी मागावी लागली. हे खरे आहे. पण विरोध फक्त सनातनी मंडळींचा किंवा फक्त 'केसरी'चा होता असे म्हणता येत नाही. पंडिता रमाबाई या ख्रिस्ती झालेल्या, पुण्यातल्या कर्मठ ब्राह्मणांच्या रोषाला पात्र ठरलेल्या स्त्री. त्यांनीही 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या व्यवस्थेत तरुण स्त्रिया सुरक्षित नसल्याची जाहीर तक्रार केली. उलट टिळकांनी सुरुवातीला लोकांना सहकार्याचे आवाहन केले होते, हिंदूंसाठी प्लेगचे वेगळे रुग्णालय उभे केले होते आणि शहर सोडून निघून गेलेल्या पुढाऱ्यांना बोल लावले होते. शिवाय माझा मुद्दा एखाद्या सिद्ध किंवा असिद्ध अत्याचारावर उभा नाही. घरात शिरणे, अंग तपासणे, कुटुंब तोडणे आणि सामान जाळणे हीच त्या मोहिमेची अधिकृत पद्धत होती. तिच्यात संसाराला जागाच नव्हती.

दुसरा आक्षेप याहून महत्त्वाचा आहे: उपाय कठोर होते, पण साथ उतरली ना? उतरली खरी, पण ती उन्हाळ्याच्या तोंडावर उतरली आणि १८९७ च्या पावसाळ्यानंतर पुण्यात पुन्हा उसळली. याचे कारण तेव्हा कोणालाच नीट उमगले नव्हते. प्लेगचा जंतू १८९४ साली हाँगकाँगमध्ये यर्सिन यांना सापडला होता. पण तो उंदराकडून माणसात कसा येतो हे १८९८ मध्ये कराचीत पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवून दिले. वाहक होती उंदराच्या अंगावरची पिसू. उंदीर मेला की पिसवा थंड पडलेले अंग सोडतात आणि दुसरा उंदीर मिळाला नाही तर माणसाला चावतात. हे मत पुष्कळांना पटले नाही. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन यांच्या निरीक्षणांनी आणि परळच्या प्रयोगशाळेत प्लेग आयोगाने केलेल्या प्रयोगांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. प्रयोग साधा होता. प्लेगने माणसे मेलेल्या खोलीत गिनीपिग सोडले की त्यांच्या अंगावर पिसवा चढत आणि त्यांतले काही प्लेगने मरत; त्याच खोलीत पिसू शिरणार नाही अशा बारीक जाळीच्या पिंजऱ्यात ठेवलेले प्राणी सुखरूप राहत. हवा तीच, जमीन तीच, फरक फक्त पिसवांचा. कडक कोरड्या उन्हाळ्यात या पिसवा फार जगत नाहीत, म्हणून त्या दिवसांत साथ आपोआप मंदावते.

हे ध्यानात घेऊन १८९७ च्या उपायांकडे पाहिले की त्यांतले बहुतेक चुकीच्या जागी घाव घालत होते असे दिसते. गाठीच्या प्लेगचा रोगी सहसा दुसऱ्याला थेट रोग देत नाही. त्याला घरच्यांपासून तोडून साथ थांबणार नव्हती. कार्बोलिक आम्लाने भिंती धुतल्याने बिळातला उंदीर मरत नव्हता, उलट खणाखणीने तो शेजारच्या घरात पळण्याचीच शक्यता होती. रोगाचे खरे ठाणे होते घर: मातीच्या भिंती, कणग्या, पेवे, धाब्याची छते, अडगळीचे माळे आणि त्यांत नांदणारे उंदीर. त्यामुळे सर्वांत गुणकारी उपाय एकच होता, तो म्हणजे उंदरांसकट ते घर काही महिने सोडून देणे. हे विज्ञानाने सिद्ध करण्याच्या कितीतरी आधी लोकांना अनुभवाने ठाऊक होते. गढवाल-कुमाऊंच्या डोंगरी गावांत महामारी येण्याआधी उंदीर मरतात आणि ते दिसताच लोक गाव सोडून वर रानात राहायला जातात, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रज डॉक्टरांनीच करून ठेवली होती. जहांगीर बादशहाच्या आत्मचरित्रातही आग्र्याच्या साथीच्या वर्णनात झिंगल्यासारखा फिरणारा उंदीर येतो. महाराष्ट्रातल्या गावांना हे ज्ञान पहिल्या एकदोन साथींतच आले. वळचणीला, चुलीमागे मेलेला उंदीर दिसला की घरातले म्हातारे माणूस सामान बांधायला सांगे, अंमलदाराच्या हुकमाची वाट पाहण्याचे कारण उरले नाही.

ही राहुटी कशी असे हे जवळून पाहण्यासारखे आहे. मेढी रोवायच्या, आडवे बांबू बांधायचे, बाजूंना तट्ट्या किंवा पऱ्हाट्यांचे कूड, वर गवत, पाचट नाहीतर कडबा. ऐपत असेल तो पत्रे आणि फळ्या आणी. झोपडीपुढे अंगण सारवून चूल मांडली जाई. गुरे बाजूला बांधली जात, कारण गुरांशिवाय शेतकरी कुठेच जात नाही. विहीर जवळ असलेला मळा सर्वांत मोलाचा. अंथरुणे-पांघरुणे आणण्यापूर्वी दिवसभर उन्हात पसरायची, धान्य आणायचे ते गरजेपुरते आणि पाखडून, म्हणजे त्याबरोबर उंदीर-पिसवा येऊ नयेत. गावात काहींची कौले काढून घरात ऊन येऊ दिले जाई. या व्यवस्थेचे हाल काही कमी नव्हते. मुंबईत साथीचा कडाका फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये असे, पण वरच्या देशावर ती बहुधा पावसाळा सरता सरताच डोके काढी, आणि परतीच्या पावसात गवताच्या छपराखाली तान्ही मुले आणि बाळंतिणी सांभाळणे सोपे नव्हते. मागे घरफोड्या होत. सगळ्यांत घातक असे ते दिवसा घराकडे फेरी मारणे. राहिलेले भांडे आणायला, कुलूप पाहायला गेलेला माणूस बंद घरातल्या उपाशी पिसवांच्या तावडीत सापडे आणि दोनचार दिवसांत माळावर तापाने फणफणे. तरीही हा रिवाज टिकला, कारण त्यात आजाऱ्याच्या उशाशी आई बसू शकत होती, चूल आपली होती, शेजार ओळखीचा होता आणि परत जायला घर शिल्लक होते.

इथे कोणी म्हणेल, की लोकांच्या घर सोडण्यानेच तर प्लेग देशभर पसरला. मुंबईहून पळालेल्यांनी तो पुण्यात, कोकणात, कराचीकडे नेला. रेल्वे स्थानकांवरच्या तपासण्या आणि क्वारंटाइन त्यासाठीच होते. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. पण पळणे आणि माळावर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पळणारा माणूस एका दाट वस्तीतून दुसऱ्या दाट वस्तीत जातो, बरोबर गाठोडे नेतो, आणि त्या गाठोड्यातल्या पिसवांना नव्या गावचे उंदीर मिळतात. माळावर जाणारे गाव आपल्याच शिवारात राहते. तिथे मोकळी जमीन आहे, ऊन आहे, आणि घरउंदीर जवळपास नाहीत. पहिल्या वर्षी मुंबईत पळापळ झाली ती मुख्यतः सक्तीच्या रुग्णालयाच्या धास्तीने. जवळच, आपल्या माणसांत, सन्मानाने राहता येईल अशी जागा असती तर त्यातले कितीतरी लोक दूर गेलेच नसते. रोग दूरवर पोहोचवण्यात नुसत्या घर सोडण्याचा हात नव्हता, दहशतीने घर सोडायला लावण्याचाही मोठा हात होता.

एकेका माणसाच्या आयुष्यात या फरकाने काय केले ते पाहावे. आधुनिक मराठी कवितेचे प्रवर्तक केशवसुत १८९७ च्या प्लेगमुळे मुंबई सोडून खानदेशात भडगावला शिक्षकाच्या नोकरीवर गेले. पुढे फैजपूर, मग धारवाड. पोटापाण्यासाठीची ही भ्रमंती आणि साथीमुळे झालेली उचलबांगडी यांत त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध गेला. १९०५ साली ते हुबळीत असताना प्लेगनेच त्यांना गाठले. ७ नोव्हेंबरला ते गेले आणि काही दिवसांतच त्यांच्या पत्नीही गेल्या. वय अवघे ३९. एकदा साथीतून निसटलेला माणूस आठ वर्षांनी दुसऱ्या शहरात तिच्या हाती सापडतो, हे त्या काळच्या नोकरदार, भाड्याच्या बिऱ्हाडात राहणाऱ्या मराठी माणसाचे प्रातिनिधिक प्राक्तन आहे; त्याला स्वतःचा मळा नव्हता. नाशिकजवळच्या भगूरमध्ये १८९९ साली सावरकर भावंडांचे वडील प्लेगने गेले. दोन भावांना लागण झाली, कुटुंबाला गाव सोडून नाशिक गाठावे लागले आणि विनायकाच्या तारुण्याची दिशा त्या नव्या शहरात मिळालेल्या सोबत्यांनी ठरवली. टिळकांनी १९०३ मध्ये आपला थोरला मुलगा विश्वनाथ याच साथीत गमावला. साथीबद्दल सरकारशी झगडणारा संपादक आणि साथीने मुलगा हिरावलेला बाप, ही एकाच माणसाची दोन रूपे आहेत, आणि पहिल्याच रूपाची नोंद ठेवणारा इतिहास अपुरा राहतो.

याच वर्षांनी काही आयुष्यांना आणि संस्थांना नवी जमीनही दिली. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी १८९७ च्या सुरुवातीला हडपसरजवळ, शहराबाहेर ससाणे यांच्या मळ्यात प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उभारला. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन आणताना सावित्रीबाईंना लागण झाली आणि १० मार्चला त्यांचे निधन झाले. पुण्यातली घरझडती सुरू झाली ती त्यानंतर तिसऱ्या दिवशी. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की एकाच आठवड्यात पुण्यात साथीला दिलेली दोन उत्तरे दिसतात: एक मोकळ्या मळ्यात, पाठीवर रोगी घेऊन आलेले, दुसरे उंबरठा ओलांडून घरात शिरलेले. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून सोडवून आणलेल्या मुलींना प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात ठेवता येईना, तेव्हा त्यांनी केडगावला घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय केली. तिथूनच मुक्ती सदन वाढले. धोंडो केशव कर्वे यांचा विधवांसाठीचा आश्रम पुण्यात होता. प्लेगच्या दिवसांत, १९०० साली, तो रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला दिलेल्या जागेवर एका झोपडीत गेला. कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवून रोज पायी हिंगण्याला जात. या दोन्ही संस्थांनी साथीच्या काळात घर सोडले, पण संसार बरोबर नेला. म्हणूनच पुढे साथ ओसरल्यावरही त्या माळावरच रुजल्या आणि वाढल्या.

आता सर्वांत कठीण आक्षेप. माळावर जाण्याची ही रीत शेत असणाऱ्यांची होती. ज्याला रोजची मजुरी हवी, ज्याच्याजवळ बांबू-कडबा घ्यायला पैसे नाहीत, ज्याला गावाच्या विहिरीवर पाणी भरू देत नाहीत, त्याने काय करायचे? हा आक्षेप पूर्ण खरा आहे, आणि या रिवाजाचे गोडवे गाताना तो विसरता कामा नये. माळावरही जातवार वस्त्या पडल्या. महार-मांगांच्या झोपड्या लांब, पाण्याची सोय सगळ्यात शेवटी. रोग्याच्या सेवेचे ओझे बहुतेक ठिकाणी स्त्रियांवर पडले. मुंबईत तर हा रिवाज बहुतेकांना शक्यच नव्हता. तिथल्या गिरणी कामगारापुढे दोनच वाटा होत्या: कोकणात किंवा घाटावर गावी जाणे, नाहीतर चाळीतच जीव मुठीत धरून राहणे. कामगार गावी गेल्याने गिरण्यांत माणसांची इतकी टंचाई झाली की महिन्याची मजुरी अडकवून ठेवणाऱ्या मालकांना रोजच्या रोज पैसे मोजावे लागले. साथीच्या भीतीने का होईना, मजुराच्या हाती थोडी ताकद आली, पण ती टिकली नाही. १८९८ च्या कायद्याने मुंबईत इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याने दाट वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले, पुढे दादर-माटुंग्याची आखीव वस्ती उभी केली. मात्र सुरुवातीच्या काळात गरिबांची घरे जितकी पाडली तितकी बांधली नाहीत. म्हणजे घर सोडणे शहाणपणाचे होते, पण ते ज्याच्या त्याच्या ऐपतीवर सोडल्याने त्याचा लाभ असमान वाटला गेला. यातून रिवाज चुकीचा ठरत नाही. त्याला सार्वजनिक आधाराची किती गरज होती तेच सिद्ध होते.

असा आधार दिला की काय होते याचाही पुरावा त्याच काळात आहे. ९ मार्च १८९८ रोजी मुंबईच्या मदनपुऱ्यात विणकरांच्या वस्तीतल्या एका आजारी मुलीला उचलून नेण्याच्या प्रयत्नावरून दंगल पेटली. पुण्याचा वर्षभरापूर्वीचा अनुभव आणि ही दंगल यांनंतर सरकारची भाषा बदलली. सक्तीचे उपाय सैल झाले, त्या त्या समाजाच्या रुग्णालयांना मुभा मिळाली, घरच्या माणसांना रोग्यापाशी राहू दिले जाऊ लागले आणि गाव खाली करण्यावर, लोकांच्या संमतीने उभ्या राहणाऱ्या छावण्यांवर भर आला. लशीची कथाही अशीच आहे. वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःलाच टोचून घेतली. आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर ती टोचून घेतली तेव्हा खोजा समाजाची भीती कमी झाली. १८९८ मध्ये हुबळीत हजारो लोकांनी ती घेतली. उलट १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी लस टोचलेल्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मेले आणि लोकांचा विश्वास क्षणात ढासळला. हाफकिन पुढे निर्दोष ठरले, पण मधली वर्षे गेली. रोग्याला हलवणे असो, गाव हलवणे असो की सुई टोचणे असो, उपाय तोच राहून त्याचा परिणाम मात्र विश्वासावर ठरत होता.

माळावरची झोपडी हा प्रत्येक साथीवरचा उतारा नाही. १९१८ ची मानमोडी श्वासावाटे पसरली. तिच्यापुढे गाव सोडूनही फारसे साधणारे नव्हते. २०२० च्या साथीत तर घरात थांबणे हाच उपाय ठरला, अगदी उलटा. पण त्या वर्षीही आपण १८९७ चाच कायदा बाहेर काढला आणि त्या कायद्याची जुनी उणीवही पुन्हा उघडी पडली. घरात थांबा असा हुकूम निघाला तेव्हा ज्यांचे शहरातले घर म्हणजे आठ-दहा जणांत वाटून घेतलेली खोली होती, ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटत होती, ते मुंबई-ठाण्याहून, पुण्याहून शेकडो मैल पायी निघाले. त्यांना बेशिस्त म्हणणे सोपे होते. १८९६ च्या मुंबईकरांनाही तेच म्हटले गेले होते. दोन्ही वेळी माणसे आपला संसार जिथे टिकेल त्या दिशेने चालत होती. अंमलदाराला काय करता येईल आणि नागरिकाने काय करू नये हे या कायद्यात आहे. २०२० मध्ये आरोग्यसेवकांच्या संरक्षणाची योग्य भर त्यात पडली. घरातून उठवलेल्या किंवा घरात कोंडलेल्या कुटुंबाने राहायचे कुठे, खायचे काय, आजाऱ्यापाशी कोणी बसायचे आणि बुडालेला रोज कोणी भरून द्यायचा, यावर मात्र तो काहीच बोलत नाही. प्लेगच्या काळात गावांनी नेमक्या याच चार प्रश्नांची उत्तरे मेढी, कडबा आणि चूल घेऊन आपल्यापुरती शोधली, आणि ज्यांना ती शोधणे परवडत नव्हते त्यांना वाऱ्यावर सोडले. पुढच्या साथीच्या कायद्याची पहिली कलमे अधिकारांची नसावीत, या चार हमींची असावीत, आणि त्या हमी सर्वांत आधी त्यांना मिळाव्यात ज्यांच्या वाट्याला १८९७ मध्येही माळ आला नव्हता.